झाकण तेच

सिग्नल सुटला, गाडी पुढे निघाली आणि बॅटरीत किती वीज जाते ते दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा उजवीकडे सरकत सरकत टोकाला जाऊन टेकला. एरवी तो शून्याच्या जरासा पुढे थरथरत असायचा, तापातल्या माणसाच्या पापणीसारखा. आज थरथर नाही, काही नाही. रविवारची सकाळ होती, रस्ता मोकळा होता, आणि शेजारच्या सीटवर बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखे बसले होते. त्यानं काटा पाहिला आणि गाडी चालवत राहिला. अलीकडे त्याचं सगळं असंच चाललं होतं. गोष्टी दिसायच्या, त्यांची दखलही घेतली जायची, पण त्यापुढे आत काही हलायचं नाही. तो दातांचा डॉक्टर. लोकांच्या हिरडीत सुई खुपसायची आणि "आता दुखणार नाही" असं म्हणायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा धंदा. आई गेली तेव्हा ती सुई त्याला कुणी टोचली कोण जाणे. तिचा असर अजून उतरायचं नाव घेत नव्हता. "आंबट वास येतोय," बाबा म्हणाले. तेव्हा कुठे त्यालाही तो आला, बॅटरीतलं ॲसिड उकळल्याचा. त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बाबा बाहेर बघत म्हणाले, "पॉइंट चिकटले असणार. तुझी आई वैतागणार आता." ते बरोबर होतं, पॉइंटच चिकटले होते. आई वैतागण्याच्या पलीकडे गेली होती, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणजे ठाऊक होतं आणि नव्हतंही. रोज सकाळी नव्यानं नव्हतं.

गाडी टोचन लावून घरी आणली. ऑटो इलेक्ट्रिशियननं बॉनेट उघडलं, डायनामोकडून येणाऱ्या वायरा जिथे जातात त्या काळ्या डबीवर बोट ठेवलं आणि व्होल्टेज रेग्युलेटर गेला म्हणाला. डबी जेमतेम तळहाताएवढी. काळं बेकलाइटचं झाकण, त्यावर बनवणाऱ्याचं नाव उठावात, आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक इवलीशी पट्टी, तिच्याखाली टेकणारे-सुटणारे दोन पॉइंट. गाडी चालू असते तोवर त्या पट्ट्या आपसात उघडझाप करत किती वीज बॅटरीला द्यायची ते ठरवतात. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं सरळ होतं. हे काढून टाकू, शेजारी पत्र्याला दोन भोकं पाडू आणि नवीन बसवू. भोकं म्हटल्यावर त्याला बाबांची आठवण झाली, म्हणजे आधीच्या बाबांची. ते नकाशे काढणारे, ड्राफ्ट्समन. रेघेच्या जाडीवरून माणसाची पारख करायचे. त्यांनी या गाडीला उभ्या आयुष्यात एक परका स्क्रू लावला नव्हता. हॉर्न घोगरा झाला तर तोच उघडून साफ केला. काकांनी एकदा हौसेनं आणलेला सीटकव्हरचा सेट त्यांनी हसतमुखानं घेतला आणि माळ्यावर टाकला. तो अजूनही तिथेच असेल. त्यानं इलेक्ट्रिशियनला सांगितलं, भोकं नकोत, बघतो मी काय करायचं ते. पण बघितलं काहीच नाही. गाडी खाली शेडमध्ये उभी राहिली. रविवार आला आणि गेला, दुसरा आला.

रविवारची फेरी चुकली की काय होतं ते त्याच्या आधी बायकोच्या लक्षात आलं. ती शाळेत शिकवते, एका नजरेत वर्गातलं कुठलं पोर आज बिनसलंय ते तिला कळतं. ती म्हणाली, बाबा सकाळपासून बूट घालून दाराशी बसलेत, काढू देत नाहीत. तो बाहेर आला तर बाबा खरंच स्टुलावर, बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या, आणि त्याला बघून अर्धवट उठले. "या डॉक्टर, बसा," म्हणाले. "आमचा मुलगा येतोय खाली घेऊन जायला. येईलच एवढ्यात." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. तो बसला. वर, घरात, तो कित्येक महिन्यांपासून डॉक्टर होता, अहोजाहो होता, फार भला माणूस होता. बाबा त्याला पाणी विचारायचे. फक्त रविवारी गाडीत बसलं, गाडी चालू झाली, की कुठल्या तरी क्षणी "तुम्ही"चं "तू" व्हायचं. तेवढ्या तासाभरापुरता तो कुणाचा तरी मुलगा असायचा. हे कसं होतं याच्या खोलात तो कधी गेला नव्हता. गाडीचा वास असेल, पुढचं पांढरं स्टिअरिंग असेल, त्या काचेतून दिसणारा रस्ता असेल. होतं ना, मग झालं. आता होत नव्हतं, आणि बाबा दिवसागणिक विरत चालले होते. जेवताना घास तोंडात धरून ठेवायचे. एकदा त्याच्या बायकोला त्यांनी विचारलं, या घरात आणखी कोण राहतं. तिनं ते रात्री त्याला सांगितलं आणि रडली. तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. आपल्याला वाईट वाटत असणार, असं त्याला वाटलं. यापलीकडे काही वाटलं नाही.

आईच्या वेळीही असंच झालं होतं. हॉस्पिटलमध्ये ती गेली तेव्हा तो एकटाच जवळ होता. नर्स यायच्या आधी त्यानं तिची कवळी काढली, नळाखाली धुतली, पुसली, डबीत ठेवली. हात सवयीनं चालले. ती कवळी त्यानंच बनवली होती, आणि बनवताना जीव ओतला होता हे त्याला आजही कबूल करायला हरकत नव्हती. आईच्या पुढच्या दोन दातांत फट होती. लहानपणी तो त्या फटीकडे बघत गोष्टी ऐकायचा. कवळी करताना लॅबवाला म्हणाला, आता संधी आहे तर एकसारखे सरळ दात करू की. त्यानं साफ नकार दिला. जुने फोटो काढले, फट मोजली, एका सुळ्याचा किंचित वाकडेपणाही ठेवला, रंगात म्हाताऱ्या दाताचा पिवळा आणला. आई आरशात बघून म्हणाली, अगदी माझेच. आत्या म्हणाली, कळणारसुद्धा नाही. सगळ्यांनी वाहवा केली, आणि बाबा तेवढे, अजून सगळं नीट आठवत असलेले बाबा, पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुझा स बदलला गं." आधी तिचा स त्या फटीतून येताना बारीक शीळ घालायचा. फट होती तेवढीच होती, पण शीळ गेली. काय चुकलं ते त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही. तो तेव्हा बाबांवर चिडला होता. इतकं हुबेहूब करून दिलं तर यांना शीळ हवी.

तोडगा शेवटी निघाला तो जुन्या गाड्यांच्या मंडळातल्या एका गृहस्थांकडून. त्यांना सगळे ओरिजिनलवाले म्हणायचे, कारण गाडी असो, घड्याळ असो की समोरच्याचे केस, त्यांचा पहिला प्रश्न "ओरिजिनल आहे का?" हाच असायचा. त्याच्याकडे दाढ भरायला आले होते. तोंडात कापूस असतानाही त्यांनी गाडीची विचारपूस केली, कापूस निघाल्यावर सल्ला दिला. म्हणाले, एवढं काय, आम्ही सगळे हेच करतो. डबी उघडायची, आतली वेटोळी काढून टाकायची, त्यांच्या जागी आजकालचं छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवायचं. खालची वायरची टोकं तीच, झाकण तेच, झाकण धरून ठेवणारी पट्टीसुद्धा तीच. पॉइंट नाहीत, म्हणजे चिकटण्याचा प्रश्नच नाही. बाहेरून ब्रह्मदेवाला कळायचं नाही. त्यानं हसून म्हटलं, म्हणजे रूट कॅनाल. नस काढायची, दात ठेवायचा. ओरिजिनलवाल्यांना हे इतकं आवडलं की ते जाताना रिसेप्शनवरच्या बाईंनाही सांगून गेले. सर्किट त्यांनीच पाठवून दिलं. काड्यापेटीहून लहान, राळेत बुडवून घट्ट केलेलं, हलवलं तरी आवाज न करणारं.

शनिवारी दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर त्यानं दवाखान्याचं दार आतून लावलं आणि डबी खुर्चीसमोरच्या ट्रेवर ठेवली. वरचा मोठा दिवा ओढून घेतला. झाकण निघालं. आतून जुन्या वार्निशचा आणि जळक्या रबराचा वास आला. भिंगातून बघितलं तर एका पट्टीखालचे दोन पॉइंट खरोखर वितळून एकमेकांना चिकटले होते, आणि दुसऱ्या वेटोळ्यावरची, डायनामो बॅटरीला जोडणारी कट-आउट नावाची पट्टी, मात्र अजून धडधाकट होती. बोटानं दाबली की खाली जायची, सोडली की वर. त्यानं ती दोनतीनदा दाबली. मग तार कापली, रिव्हेट बारीक ड्रिलनं, ज्यानं एरवी कीड काढायचा त्यानं, हळूहळू उडवले आणि दोन्ही वेटोळी अलगद बाहेर उचलली. टाकून द्यायला जीव झाला नाही, म्हणून कवळ्या ठेवायच्या एका गुलाबी डबीत घातली. रिकाम्या बैठकीत सर्किट बसलं, जणू तिथेच बसायला जन्मलेलं. सोल्डरिंगचा डाग दिला, तपासला. झाकणाच्या आतली धूळ पुसली, बाहेरची पुसली नाही. बाहेरच्या धुळीचं वय सर्किटपेक्षा जास्त होतं आणि तेच तर राखायचं होतं. काम नितळ झालं. असं काम झालं की पूर्वी त्याला आतून ऊब वाटायची, तो शीळ घालत हात धुवायचा. आज हात धुतले.

ओरिजिनलवाले संध्याकाळी मुद्दाम आले. बॉनेटमध्ये डोकं घालून त्यांनी टॉर्च मारला, वायरांवरचं जुनं सुती वेष्टन बोटानं चाचपलं, झाकणाच्या पट्टीची उजवी खाच तिच्या जागी आहे की नाही ते पाहिलं. मग गाडी चालू करायला लावली. काटा शून्यावरून शांतपणे उजवीकडे गेला आणि जिथे जायला हवा तिथे थांबला, थरथर नावाला नाही. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा तांबडा दिवा विझला. "पास," ओरिजिनलवाले म्हणाले. कंपनीतून निघाली तेव्हाही इतकी नीट चालली नसेल, असंही म्हणाले. खाली उतरलेल्या बायकोनं हात जोडले, म्हणाली, उद्या सकाळी एकदाचे बाबांचे बूट सार्थकी लागू देत. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की त्याला ती आपल्याच चेहऱ्यावर असायला हवी होती असं वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना जिन्यानं उतरवायला वेळ लागला. ते प्रत्येक पायरीशी थांबून "डॉक्टर, तुम्ही उगाच तसदी घेताय" म्हणत होते. गाडी बघितल्यावर चेहरा उजळला. दार त्यांनी स्वतः उघडलं, अर्धं उघडल्यावर ते किंचित उचलून मग ढकलावं लागतं तेही बरोबर केलं. बसले. डॅशबोर्डवरून हात फिरवला. त्यानं किल्ली फिरवली, इंजिन लागलं, तांबडा दिवा मंद पेटलेला. त्यानं बाबांकडे बघत ॲक्सिलरेटर हलकेच दाबला. दिवा विझला, काटा उठला. बाबा मान एका बाजूला कलती करून बसले होते. त्यानं गिअर टाकायला हात नेला तर त्यांनी तो हातानं अडवला. कशाची तरी वाट बघत राहिले. मग अत्यंत सभ्यपणे, परक्या माणसाचं मन दुखवू नये अशा आवाजात म्हणाले, "चार्जिंग होत नाहीये हो. बंद करा."

त्यानं काटा दाखवला, दिवा विझल्याचं दाखवलं. बाबांनी दोन्हीकडे पाहिलं, समजूतदारपणे मान डोलावली आणि म्हणाले, बंद करा, बॅटरी उतरेल. त्यानं बंद केली. पुन्हा चालू केली. पुन्हा मान कलती, पुन्हा तीच वाट बघणं, पुन्हा "बंद करा." तिसऱ्यांदा ते दार उघडून उतरायलाच लागले. आमचा मुलगा येऊ दे, म्हणाले, त्याला कळतं यातलं थोडंफार. वर बाल्कनीत बायको येऊन उभी राहिली होती. कठड्यावर दोन्ही हात. त्या बाल्कनीत पूर्वी आई उभी राहायची. उभी राहायची, पण खाली यायची नाही. चालू होईल की नाही याचा भरवसा नसलेल्या गाडीत आधीपासून जाऊन बसणं तिला कमीपणाचं वाटायचं. "आधी तुमच्या गाडीला हो म्हणू दे," असं ती वरून सांगायची. मग बाबा इंजिन चालू करायचे, जरासं वाढवायचे आणि मान कलती करायचे. लहानगा तो मागच्या सीटवर, हनुवटी त्यांच्या सीटच्या पाठीवर टेकवून, श्वास रोखून. आणि बॉनेटच्या आतून, पत्र्याच्या पलीकडून, एक आवाज यायचा. टक. कट-आउटची पट्टी खाली बसल्याचा. नखानं टेबलावर एकदाच वाजवावं एवढाच तो आवाज, इंजिनाच्या घरघरीत दुसऱ्या कुणाला ऐकूसुद्धा आला नसता. बाबा म्हणायचे, "झालं. हाक मार तिला." मग तो खिडकीतून डोकं बाहेर काढून जीव खाऊन ओरडायचा. ते त्याचं काम होतं. आई तरीही उशिराच यायची, कुलूप, पर्स, परत वर जाऊन गॅस बघणं, पण ते वेगळं.

हे सगळं त्याला माहीत होतं. कालपरवापर्यंत, गाडी बिघडायच्या आदल्या रविवारीसुद्धा, तो टक आवाज झाला होता. झाल्यावर बाबा म्हणाले होते, "हाक मार तिला," आणि त्यानं दर वेळचं उत्तर दिलं होतं, की ती पुढे गेलीय, आपण तिला घ्यायलाच निघालोय. बाबा खूश व्हायचे, नदीकाठच्या रस्त्यानं फेरी व्हायची, परत येईपर्यंत कुणाला घ्यायला निघालो होतो ते विरून गेलेलं असायचं. इतक्या वेळा कानावर पडलेला आवाज त्याला ऐकूच आला नव्हता. काल दवाखान्यात त्यानं ती पट्टी स्वतःच्या बोटानं दाबून पाहिली होती, ती टक टक वाजलीही असेल, आणि नंतर त्यानं ती कापून काढली. धूळ राखली. खाच राखली. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला आणि त्याला आईचा स आठवला.

बाबांचा एक पाय बाहेर जमिनीवर होता. "बाबा," तो म्हणाला, "एकदा फक्त. एकदा बघू." बाबा थांबले, पाहुण्याचा मान राखावा तसे परत बसले, दार ओढून घेतलं. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन लागलं. हलकेच वाढवलं, दिवा विझला, बाबांची मान कलती झाली. त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं, जीभ टाळूला चिकटवली आणि सोडली. टक. आयुष्यभर लोकांना तोंड उघडा म्हणत आला, स्वतःचं असं उघडायची वेळ कधी आली नव्हती. आवाज बरोबर आला की नाही त्याला कळलं नाही, जरा ओला आला असं वाटलं. त्यानं बाबांकडे बघायची हिंमत केली नाही. इंजिन घरघरत होतं.

"झालं," बाबा म्हणाले. त्यांचा हात त्याच्या गुडघ्यावर आला, नेहमीच्या जागी, नेहमीच्या वजनाचा. "बघतोस काय? हाक मार तिला."

ती पुढे गेलीय, हे वाक्य तयारच होतं. इतक्या रविवारांनी घासून गुळगुळीत केलेलं. पण आत्ताच त्या तोंडानं एक खोटं केलं होतं आणि दुसरं तिथून निघेना. जीभ अजून टाळूपाशी होती. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, वर बाल्कनीकडे पाहिलं, आणि हाक मारली. "आई." आई गेल्यापासून हा शब्द त्यानं मोठ्यानं उच्चारलाच नव्हता, लोकांशी बोलताना तो "मदर" म्हणायचा, फॉर्म भरताना "कै." लिहायचा. आवाज बारीक आला, फाटलेला. वर बायकोनं तोंडावर हात धरला. शेजारच्या मजल्यावर कुणीतरी खिडकीत आलं.

"ऐकू नाही गेलं तिला," बाबा म्हणाले. "जोरात मार."

त्यानं जोरात मारली. मग आणखी जोरात. लहानपणी मारायचा तशी, पोटातून, मान ताणून. आता दुखत होतं. कुठे ते नेमकं सांगता आलं नसतं, पण दुखत होतं, जबड्यातून कानापर्यंत आणि तिथून खाली छातीत, सुईचा असर उतरायला लागला की दुखतं तसं. पेशंटना तो सांगायचा, असं दुखलं म्हणजे जीव आहे समजा. तो डोकं आत घेऊन बसला. चेहरा ओला झाला होता आणि त्याला रुमाल सापडत नव्हता. बाबांनी आपला काढून दिला, घडी न मोडलेला.

"अरे, रडायला काय झालं," ते म्हणाले. "तिला उशीर होतोच. गॅस बघायला गेली असेल परत."

त्यानं किल्लीकडे हात नेला.

"राहू दे चालू," बाबा म्हणाले. "येईल ती."